कथानक लिहिता, कथा कुठे आहे?

प्रश्न : मी दिल्लीत यूपीएससीची तयारी करतो. मराठी साहित्य हा वैकल्पिक विषय आहे. 'तू फक्त गोष्ट सांगतोस' असे सरांनी उत्तरपत्रिकेवर लिहिले. खोलवर वाचायचे कसे?
– एक परीक्षार्थी, कोपर्निकस मार्ग, नवी दिल्ली

उत्तर : शेरा मनाला लागला असेल, पण तो नेमका आहे. सरांनी तुमची उत्तरे लक्षपूर्वक वाचली आहेत.

बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा घ्या (संग्रह १९६३चा). रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण जात लपवतो, एवढे कुणीही सांगेल. आता पुन्हा वाचताना निवेदकावर लक्ष ठेवा. कथा तो स्वतःच सांगतो, म्हणजे सहकाऱ्यांपासून दडवलेले वाचकाला पहिल्यापासून ठाऊक असते. त्यामुळे कुणी साधी चौकशी केली तरी आपल्याला धास्ती वाटते. ही धास्ती कथानकात नाही, निवेदनात आहे. मग कथेतले काशिनाथ हे पात्र पाहा. तो उघडपणे, त्वेषाने वागतो. बागुलांनी त्याला या निवेदकासमोर का उभे केले असेल? याचे उत्तर आधी स्वतःच्या शब्दांत लिहा, समीक्षा नंतर उघडा. गाइड तर मुळीच नको.

तुमच्या रस्त्याच्या टोकाला मंडी हाऊस आहे. तिथून रवींद्र भवनातले साहित्य अकादमीचे ग्रंथालय चालत जाण्याजोगे आहे. समीक्षेकडे वळाल तेव्हा भालचंद्र नेमाडे यांचे 'टीकास्वयंवर' तिथे मागा. त्याला १९९१चा अकादमी पुरस्कार आहे. त्यांची मते पटायलाच हवीत असे नाही. कुठे पटत नाही, ते कथेतला प्रसंग दाखवून लिहा आणि तेच टिपण सरांना वाचायला द्या.