हसू आणि माया



आमच्या मलकापुरात नववीचा एक मुलगा वर्गात कविता वाचत होता. त्याचा आवाज नुकताच फुटू लागला होता. एका ओळीवर तो एकदम चिरकला. सारा वर्ग हसला. खरे सांगतो, मीही हसलो. त्यानंतर बरेच दिवस त्याने वाचनासाठी हात वर केला नाही.

पुढे रवी जाधव यांचा ‘बालक-पालक’ पाहताना मला तो मुलगा आठवला. हा मराठी विनोदी चित्रपट २०१३ साली आला. मुंबईच्या चाळीतील काही मुले वयात येत आहेत. त्यांच्या मनात नवे प्रश्न येतात. विचारावे तर मोठी माणसे रागावतात, नाहीतर विषय बदलतात. मग मुले चोरून, चुकीच्या ठिकाणी उत्तरे शोधू लागतात. त्यांची फजिती पाहून आपण पोट धरून हसतो. पण नीट पाहा, दिग्दर्शक मुलांची टिंगल करत नाही. त्याचा चिमटा बसतो तो मोठ्यांच्या टाळाटाळीला! चाळीतले कदमकाका मात्र मुलांवर ओरडत नाहीत. ते जवळ बसून मोकळेपणाने बोलतात. किशोर कदम यांनी ही भूमिका फार संयमाने केली आहे.

‘शरम’ हा शब्द उर्दूत आहे, तसाच मराठीतही आहे. त्या मुलाला शरम वाटली, त्यात माझाही वाटा होता. मी वर्गासमोर त्याची माफी मागितली आणि तीच कविता पुन्हा वाचायला दिली.

आवाज पुन्हा चिरकला. या वेळी आधी तोच हसला.