दिलीप प्रभावळकर : एका विनोदी नटाचा अभ्यास

विनोदी नटाला टाळ्या पुष्कळ मिळतात, अभ्यासक मात्र क्वचितच लाभतो. त्यातून दूरदर्शनवरील एखादी भूमिका गाजली, की तिचा शिक्का नटावर कायमचा बसतो. दिलीप प्रभावळकर (जन्म १९४४) यांनी तो कसा टाळला, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

मुंबई दूरदर्शन केंद्र १९७२ साली सुरू झाले. त्याच दशकात चिं. वि. जोशी यांच्या कथांवरील ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ या मालिकेने प्रभावळकर घरोघरी पोहोचले. बाळ कर्वे यांच्या दणकट गुंड्याभाऊशेजारी त्यांचा किडकिडीत चिमणराव अधिकच केविलवाणा दिसे. पण आपण विनोद करीत आहोत, असे तो कधी भासवीत नसे. स्वतःची प्रत्येक फजिती त्याला गंभीरच वाटे; म्हणूनच प्रेक्षक हसत.

पुढे रंगभूमीवर ‘हसवाफसवी’त त्यांनी सहा भूमिका केल्या, ‘चौकट राजा’ (१९९१) या चित्रपटात मनाने लहानच राहिलेला नंदू उभा केला. २००१ साली आलेल्या ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ या मालिकेत, वयाची साठी गाठण्यापूर्वीच, ते आजोबा झाले. तिला आधार होता त्यांच्याच ‘अनुदिनी’ या पुस्तकाचा. चिमणराव स्वतः फजितीत सापडे. आबा टिपरे घरच्यांच्या फजित्या मिस्कीलपणे न्याहाळतात व रोजनिशीत टिपतात. २००६ च्या ‘लगे रहो मुन्नाभाई’तील गांधीजी आणि ‘शेवरी’ यांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पनवेलच्या फडके नाट्यगृहात विनोदी एकांकिका करू इच्छिणाऱ्या आपल्या विद्यार्थिमित्रांनी यातून एवढे घ्यावे : हशा मागू नये, माणूस नीट समजून घ्यावा.