मानेतली भिंत, पायातली धमनी

प्रश्न : आईचं वय ६२, मधुमेहाला १२ वर्षं झाली. मानेच्या सोनोग्राफीत रक्तवाहिनीची भिंत १.१ मिमी आली. हल्ली स्टेशनपर्यंत चालतानाही तिच्या पोटऱ्या भरून येतात. दोन्हींचा संबंध आहे का?
– एक वाचक, गुंजी (ता. खानापूर)

उत्तर : असू शकतो. ०.९ मिमीपुढची भिंत साधारणपणे जाड धरतात. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल वर्षानुवर्षं चढं राहिलं की हे होतं, आणि ते मानेपुरतं थांबत नाही. खरं सांगायचं तर मला त्या आकड्यापेक्षा पोटऱ्यांची काळजी वाटते. चालताना थांबून उभं राहिल्यावर दोन-चार मिनिटांत दुखणं ओसरतं का, आईंना विचारा. ओसरत असेल तर घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून घ्या. घोट्याच्या दाबाचं दंडाच्या दाबाशी गुणोत्तर ०.९ किंवा कमी आलं, तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्यात. मधुमेहात धमन्या कडक झाल्या की हे गुणोत्तर कधी खोटं चांगलं येतं. तेव्हा पायांचा डॉपलरच करावा लागतो.

घरी, कुणीतरी शेजारी उभं राहून, हाताची घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठ-बस करायला सांगा. १५ सेकंदांहून जास्त लागले तर पायांची ताकदही कमी पडतेय. चालताना छातीत दडपण किंवा धाप असेल, तर आधी हृदय तपासा. नसेल तर दुखेपर्यंत चालणं, थांबणं, पुन्हा चालणं, हेही औषधच. पायांना जखम नाही ना, हे मात्र रोज बघा. आणि मिश्री लावत असतील तर ती डबी आजच फेकायला लावा. निपाणीच्या तंबाखूपट्ट्यात असं बोललेलं आवडत नाही, तरीही.