अपग्रेड करताना आधी आवाज सांभाळा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चं नियमित सपोर्ट संपलं आणि विंडोज ११वर जाणं टाळता येईना. ऑफिसातले डोळस सहकारी म्हणाले, "त्यात काय, नेक्स्ट नेक्स्ट करत जायचं." खरंच आहे. फक्त तो 'नेक्स्ट' कुठं आहे हे मला कुणीतरी बोलून सांगावं लागतं, आणि ऐन अपग्रेडमध्ये तो बोलणाराच रजेवर जातो. म्हणून हे अनुभवाचे बोल.

१. यूएसबी हेडफोन जवळ हवाच. मी एनव्हीडीए हा पडद्यावरचं बोलून सांगणारा स्क्रीन रीडर वापरतो. मायकेल करन आणि जेमी तेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी उभं केलेलं हे मोफत सॉफ्टवेअर. त्याची पोर्टेबल कॉपी पेन ड्राइव्हवर घेतली की आपण निश्चिंत होतो. पण स्क्रीन रीडर ठणठणीत आणि साउंड ड्रायव्हरच बसला तर? माझ्या लॅपटॉपचं नेमकं तेच झालं. एनव्हीडीए बोलत असणार, ऐकू काहीच येईना. यूएसबी हेडफोनचं साउंड कार्ड त्याच्या आतच असतं आणि बहुतेकदा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. तो खुपसला आणि लॅपटॉपला वाचा फुटली.

२. टीपीएम आधी तपासा. विंडोज ११ला टीपीएम २.० हे सुरक्षेचं मॉड्यूल लागतं. विंडोज आणि आर दाबून टीपीएम डॉट एमएससी टाइप केलं की आवृत्ती कळते. ते बंद असेल तर बायोसमध्ये जाऊन चालू करावं लागतं, आणि तिथं स्क्रीन रीडर चालत नाही. अशा वेळी घरातलं कुणी बोलवावं, नाहीतर 'बी माय आइज' या ॲपवर स्वयंसेवकाला फोनचा कॅमेरा दाखवावा. बायोसमध्ये अंदाजानं बाण दाबत बसणं हा शूरपणा नव्हे.

३. मधली शांतता सगळ्यात वाईट. सुरुवातीचं डाउनलोड वगैरे स्क्रीन रीडर वाचतो. मग मशीन रीस्टार्ट होतं, टक्के दाखवणारा पडदा येतो आणि सगळं चिडीचूप. चालू आहे की अडकलंय? मशीन परत परत बंद-चालू होतं, तेव्हा तर जीव टांगणीलाच. मी पंख्याच्या जाळीवर तळहात ठेवून बसायचो. गरम हवा लागली की काम चाललंय असं समजायचं. गार लागली तरी घाबरायचं नाही, फोन समोर धरून टक्के वाचून घ्यायचे. पॉवरचं बटण दाबून धरायचा मोह मात्र आवरा. आणि चार्जर लावलेला आहे ना, हे सुरू करण्याआधीच चाचपून पाहा.

४. लॉगिनचा पडदा बोलता ठेवा. एनव्हीडीएच्या जनरल सेटिंग्जमध्ये साइन-इनच्या वेळी एनव्हीडीए चालू ठेवण्याचा चौकोन आहे, तिथं टिक हवी. शेजारचं बटण दाबून आपली सेटिंग्ज त्या पडद्यालाही लागू करा. नाहीतर तुम्ही घरात मराठी आवाज लावलेला, आणि दारात भलताच इंग्रजी आवाज पिन विचारतो. तोही नसेल तर विंडोज, कंट्रोल, एंटर. नॅरेटर हजर होतो.

५. ॲड-ऑनची यादी करून ठेवा. एनव्हीडीएही सोबतच नवं करणार असाल, तर जुने काही ॲड-ऑन चालत नाहीत.

६. बोटांच्या सवयी मोडतात. विंडोज आणि ए दाबलं की पूर्वी नोटिफिकेशन्स यायची, आता तिथं वाय-फाय, आवाज वगैरे. नोटिफिकेशन्स विंडोज आणि एनवर गेली. फाइलवरचा उजव्या क्लिकचा मेनूही छाटलाय. जुना, भरलेला मेनू हवा तर शिफ्ट एफ १०. डोळस माणूस नवा पडदा एका नजरेत चाळतो. आम्हाला टॅब मारत मारत घर पुन्हा फिरावं लागतं. म्हणून महिनाअखेरीच्या गर्दीत अपग्रेड करू नका.

७. परतीची मुदत लक्षात ठेवा. न जमल्यास सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून विंडोज १०वर परत जाता येतं, पण १० दिवसांतच. अपग्रेड झाल्या झाल्या डीआयएसएम कमांडनं ही मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवता येते. ती टळली की जुनी विंडोज पुसली जाते, आणि मग परत जायचं तर सगळं नव्यानं टाकावं लागतं.