गाडी काय सांगते?

भरलेली जीप इगतपुरीहून कसाऱ्याला निघाली. पुढे घाटाचा उतार. तोच खडखड ऐकू आली. आता काय करावे?

गाडी सपाट जागी, बाजूला घ्या. हातब्रेक लावा. आधी सीटखालचा पाना, जॅक हलतो का बघा. मग गिअर काढून इंजिनाला थोडा वेग द्या. खडखड झाली, तर दोष इंजिनाच्या बाजूला. नाही झाली, तर चाकांकडे वळा. नट ढिले आहेत का बघा.

ब्रेक दाबताना खर्र आवाज येतो का? ब्रेकचे लायनर झिजले असतील. मग घाट उतरू नये. आधी मिस्त्रीला दाखवावे.

मंडळी, आवाज आला तर ड्रायव्हरला सांगा. भिऊ नका. थोडा उशीर होईल. पण माणसे घरी पोचतील.