वाटेचा हक्क



हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी सांगितलेली एक हदीस आपल्यापैकी बहुतेकांना मक्तबच्या दिवसांपासून ठाऊक असेल. ईमानच्या सत्तरहून अधिक शाखा आहेत, असे पैगंबर मुहम्मद (सल्ल.) यांनी त्या हदीसमध्ये सांगितले. त्यांतील सर्वांत उंच शाखा म्हणजे अल्लाहशिवाय कोणी उपास्य नाही ही साक्ष, आणि सर्वांत खालची म्हणजे वाटेतली त्रासदायक वस्तू दूर करणे. लज्जाशीलता हीदेखील ईमानचीच एक शाखा असल्याचे त्यात आहे.

ही हदीस आपण मुलांकडून पाठ करून घेतो. मात्र तिच्या शेवटच्या टोकाकडे मोठ्यांचे लक्ष क्वचितच जाते. ‘सर्वांत खालची’ हे शब्द ऐकून आपण ती बाब क्षुल्लक समजतो. वस्तुतः जिन्याची खालची पायरी ही क्षुल्लक पायरी नसते. वर जाणाऱ्या प्रत्येकाला तिच्यावरच पाय ठेवावा लागतो. शिवाय या हदीसने वाटेवरचा दगड आणि तौहीदची साक्ष यांना एकाच झाडाच्या फांद्या म्हटले आहे. म्हणून रस्ता, सावली, पाणी आणि गावाची स्वच्छता हे विषय केवळ ग्रामपंचायतीचे आहेत आणि दीनशी त्यांचा संबंध नाही, असे म्हणण्याची सोय मोमिनाला उरत नाही. या लेखात आपण हाच विषय आपल्या रायगडच्या किनाऱ्यापुरता पाहू.

एका शुक्रवारची गोष्ट

प्रथम स्वतःची चूक सांगतो. पावसाळ्यातला शुक्रवार होता. ज्या मशिदीत मी तेव्हा इमामत करीत होतो, तिच्या दारासमोरून किनाऱ्याकडे जाणारा अरुंद डांबरी रस्ता जातो. जुम्याला आलेल्या नमाजींच्या मोटारसायकली नेहमीप्रमाणे दोन रांगांत उभ्या होत्या आणि त्यांनी निम्मा रस्ता व्यापला होता. शेजारच्या कोळीवाड्यातला, बाराएक वर्षांचा एक मुलगा सायकलवरून घरी निघाला होता. गाड्यांना वळसा घालण्यासाठी तो रस्त्याच्या मध्यावर आला आणि समोरून बर्फाच्या लाद्या घेऊन येणाऱ्या टेम्पोची धडक त्याला बसली. टेम्पोवाल्याने ब्रेक दाबला होता, म्हणून केवळ हातावर निभावले. हात दोन ठिकाणी मोडला.

त्या दिवशीचा माझा खुतबा कशावर होता, ते आज आठवत नाही. मशिदीबाहेरच्या गाड्यांवर तो नव्हता, एवढे मात्र नक्की.

दुसऱ्या दिवशी मुलाचे वडील आले. मी शब्द जुळवीत होतो, तोच ते म्हणाले, “मौलवीसाहेब, तुमच्या बांगेवर आमच्या घरातली माणसं होडीवर जायला उठतात. तुमच्याशी भांडायचं नाही. गाड्या तेवढ्या आत लावायला सांगा.”

त्यांनी तक्रार केली असती, तर मला कदाचित हलके वाटले असते. शेजाऱ्याने इतक्या सौम्यपणे मागितलेला हक्क आपण न मागताच द्यायला हवा होता, ही बोच अजून गेलेली नाही. नमाजसाठी आलेल्या माणसाने वाट अडवावी आणि त्या वाटेवर शेजाऱ्याचे मूल जखमी व्हावे, याला कोणती सबब देणार? मला तरी ती सापडली नाही.

रस्ता कोणाचा?

हजरत अबू सईद खुदरी (रजि.) यांच्या हदीसमध्ये आहे की, पैगंबरांनी (सल्ल.) आपल्या साथीदारांना रस्त्यावर बैठक मांडण्यापासून परावृत्त केले. त्यांनी आपली अडचण सांगितली, तेव्हा बसायचेच असेल तर रस्त्याचा हक्क द्या, असे फर्मावले आणि तो हक्कही समजावून सांगितला : नजर खाली ठेवणे, कोणालाही इजा न करणे, सलामचे उत्तर देणे, भल्याची आज्ञा करणे व वाईटापासून रोखणे. येथे ‘हक्क’ हा शब्द माणसाच्या नव्हे, तर रस्त्याच्या संदर्भात आला आहे, हे ध्यानात घ्यावे. कारण रस्त्याचा हक्क म्हणजे त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाचा हक्क. तो मुसलमान असो वा नसो, ओळखीचा असो वा परका.

सहीह बुखारीत आणखी एक हदीस आहे. वाटेच्या रुंदीवरून लोकांत वाद झाला, तर वाट सात हात ठेवावी, असा निर्णय पैगंबरांनी (सल्ल.) दिला. हात म्हणजे साधारण दीड फूट. तेव्हा ही रुंदी सुमारे साडेदहा फूट होते. आपल्या कित्येक मोहल्ल्यांतल्या पाखाड्या आज मोजून पाहाव्यात. गडगा पडला की नवा बांधताना तो वीतभर पुढे सरकतो, पडवीची पायरी बाहेर येते, पाण्याची टाकी येते, आणि एके दिवशी जनाजा नेतानासुद्धा खांदेकऱ्यांना अंग चोरावे लागते.

आपण कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई मस्लकचे. या मस्लकचे थोर इमाम नववी (रह., निधन हिजरी ६७६, इ.स. १२७७) यांनी ‘मिन्हाजुत्तालिबीन’ या ग्रंथात हा विषय तपशिलाने मांडला आहे. वाहत्या सार्वजनिक रस्त्यात, जाणाऱ्यायेणाऱ्यांना इजा होईल असे काहीही करता येत नाही. घराचा सज्जा रस्त्यावर काढायचा असेल, तर त्याखालून माणूस ताठ उभा राहून गेला पाहिजे. आणि रस्ता काफिल्यांचा असेल, तर उंटावरच्या अंबारीसह जाता यावे इतकी उंची हवी. रस्त्यात ओटा बांधणे तर त्यांच्या मते निषिद्धच आहे. इजा होत नसल्यास चालेल, असे एक मत त्यांनी नोंदवले आहे, परंतु दुर्बल मत म्हणून. भाष्यकारांनी याची दोन कारणे दिली आहेत. आज रस्ता मोकळा वाटला, तरी उद्या गर्दी झाली की लोक त्या ओट्याला अडखळतील. आणि फार काळ लोटला की ओट्याची जागा खाजगी मालकीची वाटू लागेल व लोकांचा हक्क विसरला जाईल. शेकडो वर्षांपूर्वीच्या या दोन वाक्यांत आपल्या गल्लीचा सगळा इतिहास आला आहे!

याच नियमात इमाम नववी यांनी ओट्याच्या जोडीला झाडही धरले आहे. झाड लावण्याचे एवढे पुण्य, तरीही ते वाटेत लावता येत नाही. चांगले कामसुद्धा दुसऱ्याच्या हक्कावर उभे राहिले, तर ते चांगले राहत नाही, हा धडा त्यातून मिळतो. मग मशिदीसमोर आडव्या लावलेल्या मोटारसायकलींविषयी वेगळे काय सांगावे?

हनफी फिकहच्या आधारे उस्मानी राजवटीत १८६९ ते १८७६ या काळात तयार झालेल्या ‘मजल्ला’ या संहितेनेही सार्वजनिक वाटेने जाण्याचा हक्क सर्वांना दिला आहे, पण इतरांना इजा न करण्याच्या अटीवर. मस्लक कोणताही असो, निष्कर्ष एकच निघतो.

मुलाच्या हाती दिलेली किल्ली

आता एक कटू गोष्ट. आमच्या श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड भागातल्या अनेक घरांचे कर्ते पुरुष आखाती देशांत नोकरीला आहेत. वर्षातून एकदा येणारा बाप मुलाला काय देणार? मुलगा हट्ट धरतो, आई मध्ये पडते, आणि दहावीतल्या मुलाच्या दारात मोटारसायकल उभी राहते. त्या प्रेमाविषयी मला शंका नाही. परंतु वळणावळणाचा किनारी रस्ता, शनिवार-रविवारी येणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या, आणि त्यांत परवाना नसलेला, डोक्यावर हेल्मेट नसलेला पंधरा वर्षांचा मुलगा : त्याच्या हाती दिलेली किल्ली केवळ त्याच्याच जिवाशी खेळत नाही, पायी जाणारी वृद्धा आणि सायकलवरची शाळकरी मुलगी यांचाही जीव ती टांगणीला लावते.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालक अथवा गाडीचा मालक दोषी धरला जातो आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. मात्र दंडाच्या भीतीपेक्षा मोठी गोष्ट अशी की, संतती ही अमानत आहे आणि अमानतीचा हिशोब द्यावा लागतो. त्या वयाच्या मुलाला सायकल द्यावी. तिला पुढे दिवा आणि मागे लाल परावर्तक बसवावा, ब्रेक तपासावेत, आणि मगरिबनंतर अंधाऱ्या रस्त्यावर फिकट रंगाचे कपडे घालायला सांगावे.

त्याच दुरुस्तीने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्या भल्या माणसाला कायद्याचे संरक्षणही दिले आहे. ‘नसती चौकशी मागे लागेल’ म्हणून जखमीला सोडून पुढे जाणे आता कायद्याच्या दृष्टीनेही गरजेचे राहिलेले नाही. दीनच्या दृष्टीने ते कधीच योग्य नव्हते.

पडलेल्या वाड्या, लावायची झाडे

३ जून २०२० या दिवशी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडच्या वाड्यांतल्या नारळी-पोफळी काही तासांत आडव्या झाल्या. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचा लौकिक असलेल्या या पट्ट्यात, आजोबांनी लावलेली बाग नातवाच्या डोळ्यांदेखत गेली. पोफळ लावल्यापासून उत्पन्न यायला कितीतरी वर्षे जातात. त्यामुळे ‘आता या वयात कशाला लावायची?’ असा प्रश्न अनेक वडीलधाऱ्यांच्या मनात आला.

त्याचे उत्तर हदीसमध्ये आहे. हजरत अनस (रजि.) यांच्याच एका हदीसनुसार, कयामत येऊन ठेपली असताना हाती रोप असेल आणि लावणे शक्य असेल, तर ते लावून टाकावे, अशी शिकवण पैगंबरांनी (सल्ल.) दिली. त्यांनीच सांगितलेल्या दुसऱ्या हदीसनुसार, मुसलमानाने लावलेल्या झाडाचे वा पिकाचे फळ माणसाने, पक्ष्याने किंवा जनावराने खाल्ले, तरी ते लावणाऱ्याच्या नावे सदका ठरते. म्हणजे फळ कोण खाणार हा प्रश्न मोमिनाच्या हिशोबात येतच नाही. जागा मात्र पाहून लावावी. वाऱ्याच्या तोंडाशी उंडी आणि सुरू, वाडीत नारळ-पोफळ, कब्रस्तानच्या कडेने सावलीची झाडे, आणि रस्त्यापासून योग्य अंतर सोडून, वळणावरची नजर अडणार नाही अशा बेताने बाकीची.

खाडीकाठची खारफुटी तर कोणी न लावता अल्लाहने दिलेली भिंत आहे. भरतीच्या लाटांचा जोर ती मोडते आणि मासळीच्या पिल्लांना आसरा देते. तिची तोड मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली राज्यभर थांबवली. तरीही दावतीनंतरच्या पत्रावळ्या, प्लास्टिकचे पेले आणि कधी कुर्बानीची घाणसुद्धा आपण रात्रीच्या अंधारात खाडीत लोटतो. राज्यात २०१८ पासून एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिक व थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी आहे. सूरह रूमच्या ४१व्या आयतीत माणसांच्या करणीमुळे पसरलेल्या बिघाडाचा उल्लेख जमीन आणि समुद्र या दोहोंच्या नावानिशी आला आहे. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी ही आयत इतरांपेक्षा अधिक लक्षपूर्वक वाचायला हवी.

वुजूचे पाणी

मुरूडजवळच्या जंजिरा किल्ल्यात गेलेल्यांनी तिथले गोड्या पाण्याचे तलाव पाहिले असतील. चहूकडे खारा समुद्र आणि मध्ये जपलेले गोडे पाणी! आपल्या पूर्वजांना त्याचे मोल ठाऊक होते. हदीसमध्ये येते की, पैगंबर (सल्ल.) एका मुद्द पाण्यात वुजू करीत. मुद्द म्हणजे अदमासे पाऊण लिटर. आज आपण नळ सोडून बाह्या सरसावू लागतो, तेवढ्यातच याहून अधिक पाणी वाहून जाते. आणि त्याच गावात एप्रिल-मे महिन्यांत आपल्याच मायबहिणी हंडा घेऊन टँकरची वाट पाहत असतात.

शाफई फिकहनुसार वुजूत वापरलेले पाणी पाकच असते. फक्त त्याने पुन्हा वुजू होत नाही. म्हणजे झाडांना घालायला कोणतीच आडकाठी नाही. एक पाइप वळवला, की हौदाचे पाणी गटाराऐवजी नारळाच्या आळ्यात जाते.

या महिन्यात करण्याजोगे

त्या अपघातानंतर आमच्या जमातीने काय केले, ते सांगतो. कब्रस्तानालगतच्या मोकळ्या जागेत गाड्या लावण्याचे ठरले. जुम्याला दोन तरुण आळीपाळीने रस्त्यावर उभे राहू लागले. ते मागच्या सफेत नमाज पढतात. पहिल्या महिन्यात कुरकुर झाली, नंतर अंगवळणी पडले. रस्त्यात आलेला एक ओटा मात्र अजून तसाच आहे. त्याचे मालक वयोवृद्ध आहेत आणि तो त्यांच्या वडिलांनी बांधलेला आहे. त्यांच्याशी बोलणे चालू आहे. रागावून नव्हे, किताब समोर ठेवून.

आपणही आपल्या मोहल्ल्यात एवढे करू शकता. जुम्याच्या आधी मशिदीसमोरचा रस्ता स्वतः चालून पाहा. घरातील मुलांच्या सायकलींचे दिवे व ब्रेक तपासा आणि अठरा वर्षांखालील मुलाकडून मोटारसायकलची किल्ली काढून घ्या. पावसाच्या सुरुवातीला एक झाड लावा आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याला पाणी घालण्याची जबाबदारी कोणाची, तेही त्याच दिवशी ठरवा. दावतीसाठी जमातीच्या मालकीची स्टीलची ताटे घ्या. रस्त्यावर खड्डा असेल, तर ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या. उत्तर येईपर्यंत त्याभोवती कोणी पडणार नाही, एवढी खूण तरी करा.

वाटेवरची काटेरी फांदी बाजूला केली म्हणून एका माणसाला अल्लाहने क्षमा केल्याची हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. त्याने ती कोणाच्या वाटेवरून उचलली, त्यावरून कोण जाणार होते, याची चौकशी केल्याचे त्यात कुठेही नाही.

अल्लाह आपल्या हातांनी कोणाची वाट अडू देऊ नये आणि आपली सर्वांची वाट सुकर करो. आमीन.