पहिल्या मिनिटासाठी प्रशिक्षण

ग्रामीण रुग्णालयात जन्मलेले अर्भक रडलेच नाही, तर जिल्ह्याच्या ठिकाणाहून बालरोगतज्ज्ञ येईपर्यंत थांबता येत नाही. जे करावयाचे ते प्रसूतिकक्षातील परिचारिकेने, आणि तेही पहिल्या मिनिटात. हे ध्यानी घेऊन केंद्र शासनाने २००९ साली नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम हाती घेतला. त्यातील दोन दिवसांच्या प्रशिक्षणात बाहुलीवर प्रत्यक्ष सराव करून घेतला जातो. अर्भकाला कोरडे करून ऊब द्यावयाची, मान किंचित मागे करून श्वासमार्ग मोकळा ठेवावयाचा. तरीही श्वास सुरू न झाल्यास अंबू बॅगने मिनिटाला ४० ते ६० वेळा हवा द्यावयाची. नवशिक्याचा हात येथेच अडखळतो. मास्क चेहऱ्यावर घट्ट बसला नाही तर हवा बाजूने निसटते. छाती वर येते की नाही, हीच खरी परीक्षा.

हे कौशल्य वापराविना गंजते. जेथे असा प्रसंग क्वचित येतो, तेथे तर सरावाची निकड अधिक. आणि बॅग कपाटात कुलूपबंद व किल्ली दुसऱ्या पाळीच्या परिचारिकेकडे असेल, तर प्रमाणपत्राचा उपयोग काय? म्हणून प्रत्येक पाळीच्या आरंभी बॅग दाबून पाहणे, पूर्ण व अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठीचे दोन्ही मास्क हाताशी मांडून ठेवणे, हाही प्रशिक्षणाचाच भाग मानला पाहिजे.